प्रायमरीत एकाची घटलेली मतं नक्की जातात कुठं? (चोपडी जुळेना)

चोपडीवाला, सोलापूर

नमस्कार मंडळी. प्रश्न सातासमुद्रापलीकडचा आहे, पण त्याचं कारण आमच्या गल्लीतलं आहे, म्हणून इथंच विचारतो.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका चादर-टॉवेलच्या कारखान्यात बत्तीस वर्षं हिशेब लिहिले. २०११ च्या पावसाळ्यात पाय मोडला आणि तीन महिने खाटेवर पडून होतो. भाचा जाताना जुना लॅपटॉप ठेवून गेला आणि अमेरिकेतल्या जनमत चाचण्यांचं एक पान उघडून दिलं. म्हणाला, "मामा, आकडे बघत बसा, वेळ जाईल." वेळ तर गेलाच, वर नाद लागला. कारखान्याची एक कोरी चोपडी घरात होती (मालकांना विचारून आणलेली, उगं शंका नको). तिच्यात प्रत्येक इच्छुकाला वेगळ्या शाईची रेघ काढायला लागलो. आज चौथी चोपडी चालू आहे. घरचे हसतात.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तिकडं पक्षाचं तिकीट वरून येत नाही. एकाच पक्षाचे पाच-दहा इच्छुक राज्याराज्यांत फिरतात, मतदार त्यांच्यातून निवडतात, त्या मतांवर पक्षाच्या अधिवेशनात जाणारे प्रतिनिधी मिळतात. निम्म्याहून जास्त प्रतिनिधी ज्याच्याकडं, तो राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार. यालाच प्रायमरी म्हणतात. एबी फॉर्मसाठी रात्रभर कुणाच्या बंगल्यासमोर उभं राहायची भानगडच नाही.

आता २०१२ ची रिपब्लिकन चोपडी बघा. १३ ऑगस्ट २०११ ला आयोवातल्या एम्स गावी मिशेल बाकमन यांनी नमुना मतदान जिंकलं. त्याच दिवशी टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी मैदानात उतरले आणि महिना संपेस्तोवर माझ्या पानावर सगळ्यांच्या वर. बाकमनबाईंची रेघ घसरली. मग पेरी वादविवादांत अडखळायला लागले आणि ऑक्टोबरात हर्मन केन वर आले. हा माणूस आधी पिझ्झाची कंपनी चालवायचा, त्याची घोषणा एकच, नऊ-नऊ-नऊ टक्के कर. ९ नोव्हेंबरच्या वादविवादात पेरींना आपण बंद करणार त्या तीन सरकारी खात्यांतलं तिसरं आठवेना. शेवटी "ऊप्स" म्हणून गप्प बसले. ते मी लाइव्ह पाहिलंय, मलाच घाम फुटला. केन यांच्यावर लैंगिक छळाचे आरोप झाले, ३ डिसेंबरला ते थांबले. मग न्यूट गिंगरिच वर. आणि ३ जानेवारी २०१२ ला आयोवात खरं मतदान झालं तेव्हा वर कोण? रिक सँटोरम! ज्यांची रेघ मी पेन्सिलनं काढत होतो, शाई कशाला घालवायची म्हणून. त्या रात्री मिट रॉम्नी ८ मतांनी पुढं असल्याचं सांगितलं, आणि दोन आठवडे उलटल्यावर पक्क्या मोजणीत सँटोरम ३४ मतांनी पुढं निघाले.

एवढ्या सगळ्या उलथापालथीत रॉम्नींची रेघ मात्र टॉवेलच्या काठासारखी सरळ. पाव हिस्सा मतं, थोडं इकडं थोडं तिकडं. शेवटी तिकीट त्यांनाच.

माझं डोकं इथं अडलंय. जमा-खर्चात एका खात्यातून रक्कम गेली की दुसऱ्या खात्यात दिसायलाच पाहिजे. बाकमनबाईंचे गेले ते कुणाकडं गेले? पेरींचे केनकडं का गेले, रॉम्नींकडं का नाही? वीस वेळा बेरजा केल्या. ताळा लागत नाही.

आता गल्लीतलं कारण. आमच्या प्रभागात एका पक्षाच्या तिकिटाला अकरा इच्छुक आहेत. अकराही जणांचे वाढदिवसाचे फ्लेक्स एकाच चौकात. पानपट्टीवर मी म्हणालो की अमक्याचं कापलं तर त्याची माणसं तमक्याकडं जाणार, दोघं एकाच आळीतले, एकाच तालमीतले. आमचा एक मित्र म्हणाला, "हिशेबनीस, माणसं म्हंजे गाठी नव्हं, ह्या खोलीतनं उचलून त्या खोलीत ठेवायला." शंभर रुपयांची पैज लागली आहे. जाणकारांनी सांगावं.

जुळे सोलापूरकर

काका, नमस्कार. आकड्यांचं मला फार कळत नाही. पण ही मतं जाताना मी डोळ्यांनी पाहिली आहेत, अगदी पायांनी चालत जाताना.

मुलगा डी मॉइनला असतो, आयोवाची राजधानी. २०२० च्या थंडीत आम्ही दोघं तिकडं होतो. ३ फेब्रुवारीला डेमोक्रॅटिक पक्षाचा कॉकस होता, म्हणजे उमेदवार निवडायची सभा. मुलाच्या शेजारीणबाई म्हणाल्या, मत देता येणार नाही, पण बघायला चला. शाळेचा बास्केटबॉलचा हॉल. संध्याकाळी सात वाजता दारं बंद. बाहेर बर्फ, आत दोनशेच्या वर माणसं आणि सगळ्यांचे कोट खुर्च्यांवर ढीग करून टाकलेले. मतपेटी नाही, बटण नाही. ज्याला जो उमेदवार पाहिजे त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. सांडर्सवाले पोस्टरखाली, वॉरनवाल्या बाया गॅलरीच्या पायऱ्यांवर, बुटिजेजवाले दारापाशी. मग डोकी मोजायची. आमच्या बायकोला वाटलं शाळेत कवायत चाललीय.

नियम असा की ज्या कोपऱ्यात हजर माणसांच्या १५ टक्के डोकी नाहीत, तो कोपरा मोडला. त्यांनी दुसरीकडं जायचं, नाहीतर दोन मोडके कोपरे मिळून एक धड करायचा. ज्यांचे १५ टक्के भरले त्यांना हलता येत नाही. आमच्या हॉलमध्ये बायडन यांच्या कोपऱ्याला चार डोकी कमी पडली. होय, पुढं राष्ट्राध्यक्ष झाले तेच बायडन.

मग जी धांदल उडाली ती बघण्यासारखी. तिन्ही बाजूंनी लोक धावले, एक बाई बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. मला वाटलं बायडनवाले सगळे क्लोबुशार यांच्याकडं जातील, दोघांचं धोरण मवाळ, मधलं. काही गेले. पण दोघं-तिघं सरळ सांडर्सकडं गेले, पार दुसऱ्या टोकाला! एकाला मुलानं विचारलं तर तो म्हणाला, मी तिसाएक वर्षं युनियनमध्ये होतो, मला दोघंही कामगाराची बाजू घेणारे वाटतात. त्याच्या डोक्यात ना मवाळ होतं ना जहाल. एक बाई बुटिजेजकडं गेल्या कारण त्यांची मैत्रीण तिथं उभी होती. आणि एक म्हातारे गृहस्थ, कान झाकायची टोपी घातलेले, त्यांनी ढिगातून शांतपणे आपला कोट शोधला, गुंड्या लावल्या आणि घरी निघून गेले. कुणीच नको.

त्या रात्री पक्षाचं आकडे पाठवायचं अ‍ॅप गंडलं आणि निकाल कितीतरी दिवस रखडला, ते वेगळंच रामायण.

तर काका, तुम्ही लिहिलंय "एका खात्यातून दुसऱ्या". मी पाहिलं ते असं की एकच कोपरा फुटला आणि माणसं चार दिशांना गेली, आणि एक बाहेर गेला.

बूथवाला

काका, पैज तुम्ही हरणार बघा. 😀

मी गेली पंधरा वर्षं बूथवर बसतोय, पक्ष सांगत नाही. ज्याचं तिकीट कापलं त्याचे कार्यकर्ते नेत्याच्या शब्दावर जातात, पण मतदार नाही जात ओ. कार्यकर्ता आणि मतदार यांत आपण नेहमी गल्लत करतो.

२०१६ च्या रिपब्लिकन प्रायमरीचं उदाहरण घ्या, तुमच्या दुसऱ्या चोपडीत असेल. २० फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना मतं मिळाली साडेबत्तीस टक्के. रुबिओ आणि क्रूझ बावीस-बावीस टक्क्यांवर, बाकीचे जेब बुश, केसिक, कार्सन यांच्यात. म्हंजे दर तीन मतदारांतले दोघं विरोधात. पण तिथला नियम असा की राज्यात पहिला येईल त्याला बहुतेक प्रतिनिधी आणि प्रत्येक मतदारसंघात पहिला येईल त्याला तिथले. ट्रम्प सगळीकडं पहिले. ५० पैकी ५० प्रतिनिधी त्यांच्या पदरात. लोक म्हणायचे विरोधातली मतं एक करा. करा म्हणणं सोपंय. प्रत्येकजण दुसऱ्यानं माघार घ्यायची वाट बघत बसला. आपल्याकडं अर्ज माघारीच्या शेवटच्या दिवशी तीन वाजेपर्यंत जे नाटक चालतं, तेच तिकडं तीन महिने चाललं.

एप्रिलच्या शेवटी क्रूझ आणि केसिक यांनी सेटिंग केलं. इंडियाना क्रूझला सोडायचं, ओरेगॉन आणि न्यू मेक्सिको केसिकला. आणि दुसऱ्याच दिवशी पत्रकारांनी विचारल्यावर केसिक म्हणतात, इंडियानातल्या माझ्या लोकांनी मलाच मत द्यावं! आता मतदारानं काय करायचं? ३ मे ला ट्रम्प यांनी इंडियाना निम्म्याहून जास्त मतांनी मारलं, क्रूझ त्याच रात्री बाहेर, केसिक दुसऱ्या दिवशी.

आपल्याकडं लोक बेरीज करून मोकळे होतात. २०१९ ला सोलापूर लोकसभेत जयसिद्धेश्वर स्वामींना ५ लाख २४ हजार, सुशीलकुमार शिंदेंना ३ लाख ६६ हजार, प्रकाश आंबेडकरांना १ लाख ७० हजार. निकालाच्या दिवशी सात रस्त्यावर एकजण मला मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडून दाखवत होता, दोघांची बेरीज पुढं जाते म्हणून. जाते, नाही कोण म्हणतंय. पण आंबेडकर उभे नसते तर त्या १ लाख ७० हजारांतले किती जण शिंदेंकडं गेले असते, किती स्वामींकडं आणि किती घरीच थांबले असते, हे त्या कॅल्क्युलेटरला काय माहीत?

पूर्वभागातली मास्तरीण

बूथवाला दादा, शेवटचा परिच्छेद लाख बोललात. (अर्थात ती पक्षापक्षांतली लढत, प्रायमरी नव्हे. पण बेरजेची चूक तीच.)

काका, मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते, आणि तुमची चोपडी वाचून मला खरंच आनंद झाला. पण तुमच्या दुहेरी नोंदीची इथं अडचण होते. कारखान्यात तुम्ही तीच रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात जाताना बघायचात. चाचणीत मात्र दर वेळी माणसं वेगळी असतात. या आठवड्यात हजारेक जणांना विचारलं, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच हजारेकांना. म्हणजे दोन-तीन टक्क्यांची हलचल ही खरी हलचल असेलच असं नाही. रेघ थरथरली म्हणून लगेच शाई बदलू नका.

दुसरं, तुम्हाला दिसते ती फक्त उरलेली शिल्लक. समजा पेरींची मतं दहाने घटली. प्रत्यक्षात पंधरा जाऊन पाच नवीन आलेली असू शकतात. त्या पंधरांतले काही "अजून ठरवलं नाही" या रकान्यात जाऊन बसतात आणि महिन्यानं केनच्या नावावर निघतात. तो रकाना तुमच्या चोपडीत आहे का? मला वाटतं नसणार. ताळा न लागायचं निम्मं कारण तिथंच आहे.

आता पेरींचे लोक रॉम्नींकडं का गेले नाहीत. गड्ड्याच्या जत्रेतला मोठा पाळणा आठवा, होम मैदानावरचा. एक खुर्ची वर जाते, खाली येते, मग दुसरी वर. मधला खांब जागचा हलत नाही. २०१२ मध्ये रिपब्लिकन मतदारांत एक मोठा गट असा होता की ज्याला रॉम्नी पुरेसे कट्टर वाटत नव्हते. त्यांचं खरं मत होतं "रॉम्नी सोडून कुणीही". हे कुणीही म्हणजे कोण, ते दर महिन्याला बदलत होतं. लोक पक्ष सोडत नव्हते, मतही बदलत नव्हते, नुसती खुर्ची बदलत होते. आणि एकाच पक्षातल्या खुर्च्या बदलायला काही पडत नाही. माझ्या आजोबांनी विडी कामगारांच्या संघटनेत जन्म काढला, ते लाल बावटा सोडून दुसरीकडं गेले असते तर घरात चूल पेटली नसती. पण युनियनच्या आतल्या निवडणुकीत ते दर वेळी वेगळ्याला निवडून द्यायचे आणि त्याचं त्यांना काहीच वाटायचं नाही.

जुळे सोलापूरकर काका, तुम्ही पाहिलेले ते युनियनवाले गृहस्थ अपवाद नव्हते बरं का. त्या काळात चाचण्यांत "तुमची दुसरी पसंती कोण?" असंही विचारायचे. बायडनच्या बऱ्याच मतदारांची दुसरी पसंती सांडर्स होती. टीव्हीवरचे पंडित उमेदवारांना डावीकडून उजवीकडं ओळीनं उभे करतात. मतदार ओळ बघत नाही. तो बघतो की नाव ओळखीचं आहे का, माणूस आपल्यातला वाटतो का, आणि समोरच्या पक्षाला हरवेल का.

बाकी आपल्याकडंही एकदा प्रायमरी झाली होती, हे किती जणांना आठवतं? २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसनं देशात पंधरा-सोळा मतदारसंघांत हा प्रयोग केला, महाराष्ट्रात वर्धा आणि आपल्या शेजारचं लातूर. पण मतदान पक्षाच्या पदाधिकाऱ्यांपुरतंच, सामान्य मतदाराला आत जागा नव्हती. दोन्ही जागा भाजपनं जिंकल्या आणि प्रयोग तिथंच थंडावला.

बूथवाला

मास्तरीणबाई, लातूरचं विसरलोच होतो. पण मग एक सांगा, २०२० मध्ये तीन दिवसांत सगळं बायडन यांच्या बाजूनं पलटलं ते कसं? तिथं तर खुर्च्या महिना-महिना फिरल्या नाहीत.

पूर्वभागातली मास्तरीण

तिथं वेळ साधली. बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. ज्याच्या घरावर कौलं राहिली नव्हती असा माणूस. २६ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाचे खासदार जिम क्लायबर्न यांनी पाठिंबा दिला, २९ ला बायडन यांनी ते राज्य जवळजवळ निम्मी मतं घेऊन जिंकलं. १ मार्चला बुटिजेज बाहेर, २ ला क्लोबुशार बाहेर, त्याच संध्याकाळी दोघांनी बायडन यांना पाठिंबा जाहीर केला. ३ मार्चला १४ राज्यांत मतदान, बायडन १० राज्यांत पुढं. त्यातलं मॅसॅच्युसेट्स तर एलिझाबेथ वॉरन यांचं स्वतःचं राज्य, तिथं त्या तिसऱ्या!

पण बघा, नेत्यांनी सांगितलं म्हणून मतं गेली असं मी म्हणणार नाही. बऱ्याच जणांना ट्रम्पना हरवणारा कुणीतरी हवा होता आणि कोण ते ठरत नव्हतं. साउथ कॅरोलायनानं ते ठरवलं. माघारींनी नुसतं दार उघडलं. आणि ज्यांनी आधीच टपालानं मत धाडलं होतं त्यांचं काय? कॅलिफोर्नियात कितीतरी मतं बुटिजेज, क्लोबुशार यांच्या नावावर पडून राहिली, उमेदवार घरी गेल्यावर. ते राज्य सांडर्सनी जिंकलं.

चोपडीवाला, सोलापूर

मंडळी, उशीर झाला, माफी. मधे घरी हुरड्याला पाहुणे होते.

मास्तरीणबाई, पकडलंत. "ठरवलं नाही" हा रकाना माझ्या चोपडीत नाही. चारही चोपड्यांत नाही. बत्तीस वर्षं उचंत खातं (जिचा मेळ लागत नाही ती रक्कम तात्पुरती ठेवायचं) सांभाळलं, आणि इथं तेच विसरलो! काल रात्री २०१२ ची पानं काढून हिरव्या शाईनं ती रेघ ओढायला बसलो. बेरीज शंभरातून वजा केली की झालं. पेरी खाली येतात तिथं हिरवी रेघ फुगते, आणि केन चढतात तिथं बसते. दर वेळी नाही, पण तीन ठिकाणी अगदी साफ. सौ. म्हणाल्या, अजून एक शाई आणली का.

आता पैजेचं. बूथवाल्यांनी आणि कोट घालून गेलेल्या म्हाताऱ्यानं डोक्यात किडा सोडला. आज सकाळी पानपट्टीवर मीच विचारत सुटलो. नऊजण होते. पहिला प्रश्न, तिकीट कुणाला मिळावं. दुसरा, तो नसला तर कुणाला. सिगरेटच्या पाकिटाच्या मागं लिहून घेतलं.

ज्या एकाच तालमीतल्या दोघांवरून माझी पैज होती, त्यातल्या पहिल्याचे चार निघाले. त्या चारांतला एकच दुसऱ्याकडं गेला. एक म्हणाला, "तालमीत त्याच्याशी पटत नाही म्हणून तर ह्याच्याकडं आलो." म्हंजे मी ज्याला जवळीक समजत होतो तेच भांडणाचं मूळ. तिसऱ्यानं पार बाळे रोडच्या इच्छुकाचं नाव घेतलं, कारण त्यानं पाण्याचा टँकर पाठवला होता.

चौथा सुपारी कातरत गप्प. दोनदा विचारलं. मग म्हणाला, "तो नसला तर मग मी त्या दिवशी पंढरपूरला जातो."

शंभर रुपये देऊन टाकले. मित्रानं त्याचा चहाच पाजला सगळ्यांना. जुळे सोलापूरकर, तेवढं एक सांगा. तुमच्या हॉलमधून कोट घालून गेलेल्या त्या म्हाताऱ्यांचं डोकं शेवटी कोणत्या रकान्यात धरलं? मला पाचव्या चोपडीत ती ओळ आधीच आखून ठेवायची आहे.

जुळे सोलापूरकर

मुलाला फोन करून विचारलं, काका. पहिल्या मोजणीत बायडनच्या नावावर एक. दुसऱ्या मोजणीत कुठंच नाही.